कथेतील राखणदार प्राणी आणि मुलांचा स्वभाव

(शिक्षक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी काहीसा गमतीचा वाटण्याचा संभव आहे. मुले ज्या अद्भुत कथा आवडीने वाचतात, आणि वाचून झाल्यावर त्यांच्याच धर्तीवर स्वतः ज्या कथा रचतात, त्यांत एक राखणदार प्राणी वारंवार भेटतो. नायकावर संकट कोसळते, माणसांचे साहाय्य संपते, आणि मग हा प्राणी प्रकट होतो. तो वाटेल तो प्राणी नसतो. ज्याच्या रक्षणासाठी तो येतो त्याच्या स्वभावाशी तो जुळणारा असतो. किंबहुना त्या व्यक्तीचे अंतरंगच प्राण्याचे रूप घेऊन बाहेर आलेले असते. या कल्पनेचा आपल्या निबंधाच्या तासाशी काय संबंध आहे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, वर्गात मुलांना आपण कोणत्या नावाने हाक मारतो याच्याशी काय संबंध आहे, याचा विचार मला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम मुलांच्या वाचनातील ग्रंथांकडे पाहू. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ या कादंबरीत प्रत्येक माणसाचा आत्मा त्याच्या शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपाने, त्याच्या शेजारी वावरत असतो. माणूस जन्मभर त्या प्राण्यापासून दूर जाऊ शकत नाही. लेखकाची खरी कल्पकता पुढेच आहे. मूल लहान असते तोवर त्याचा प्राणी सारखा रूप पालटत असतो. घटकेत पतंग, घटकेत रानमांजर, घटकेत पक्षी. मूल वयात आले म्हणजे मात्र ते रूप स्थिरावते आणि मग कधीही बदलत नाही.

दुसरा ग्रंथ आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरविषयक कथांचे मराठी अनुवाद झालेले असून ते आपल्या मुलांच्याही हाती जातात. या मालेतील १९९९ साली निघालेल्या तिसऱ्या पुस्तकात माणसाच्या मनातील सर्व आनंद शोषून घेणारी काही भयंकर भुते आहेत. त्यांना शस्त्राने मारता येत नाही. ज्याला त्यांचा सामना करावयाचा असेल त्याने आपल्या आयुष्यातील अत्यंत सुखाची आठवण मनात घट्ट धरावयाची. ती आठवण पुरेशी बळकट असेल तर तेजाचा एक प्राणी उत्पन्न होतो आणि भुतांना पिटाळून लावतो. अनाथ नायकाचा हा राखणदार शिंगाळ्या मृगाच्या रूपात येतो. त्याचे दिवंगत वडील मंत्रबळाने तेच रूप धारण करीत असत. त्याच्या बुद्धिमान मैत्रिणीचे पाणमांजर असते, तर विनोदी व एकनिष्ठ मित्राचा छोटासा कुत्रा. मालेतील पुढच्या एका भागात तर एका स्त्रीचे मन दुःखाने व प्रेमाने पालटते, तेव्हा तिचा राखणदारही रूप पालटतो.

या कथा वाचून जगभरच्या मुलांनी व तरुणांनी असंख्य नव्या कथा लिहिल्या आहेत. आवडत्या ग्रंथातील जग तसेच ठेवावयाचे आणि त्यात आपले नवे पात्र घालावयाचे, अशी त्यांची रीत असते. अशा प्रत्येक नव्या पात्राला एक राखणदार प्राणी द्यावा लागतो, आणि तो देताना लेखकाला मनाशी विचार करावाच लागतो: हे पात्र कसे आहे? ते कशाला भिते? त्याचे रक्षण कोण करील? निबंधाच्या वहीत ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर गायीला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते असे लिहिणारे मूल या प्रश्नांपर्यंत कधी पोचत नाही. राखणदार प्राण्याची कथा लिहिणारे मूल मात्र आपण होऊन त्यांना सामोरे जाते.

कोणी म्हणेल की या परदेशी कल्पना झाल्या. करवीर तालुक्यातील किंवा गडहिंग्लजकडील खेड्यातल्या मुलांना त्यांचे काय? बंधु-भगिनींनो, ही कल्पना आपल्या उंबऱ्याच्या आतली आहे. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीमागे पाषाणाचा सिंह उभा आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचे वाहन घोडा आहे. शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीला जाणाऱ्या भाविकाच्या मनात श्रीदत्ताचे जे चित्र असते त्यात चार कुत्री पायाशी आणि गाय पाठीशी असते. चार कुत्री हे चार वेद व गाय ही पृथ्वी असा तिचा अर्थ सांगण्याची परंपरा आहे. जेजुरीच्या खंडोबाजवळ घोडा आहे आणि कुत्राही आहे. त्याचे उपासक जे वाघ्ये, ते नावाने वाघ असले तरी स्वतःला देवाचे श्वान म्हणवून घेण्यात भूषण मानतात. आणि गणपतीचे वाहन तर उंदीर! एवढ्या विशाल देहाला एवढेसे वाहन ज्याने कल्पिले, त्याच्या ठिकाणी विनोदबुद्धीही होती आणि लहानाचे मोठेपण ओळखणारी दृष्टीही होती.

देवांप्रमाणे कुळांनाही राखणदार आहेत. आपल्या भागातील अनेक समाजांत लग्नाच्या वेळी देवक बसविले जाते. हे देवक पुष्कळदा एखादे झाड असते, पण ते पक्षी वा पक्ष्याचे पीसही असते. मोरे कुळाचे देवक मोराचे पीस, साळुंखे कुळाचे साळुंकी, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याचे जे देवक त्याने त्या प्राण्याला वा झाडाला इजा करावयाची नाही, असा जुना दंडक आहे. या दंडकात एक सुंदर गोष्ट सामावलेली आहे. प्राणी कुळाची राखण करतो आणि कूळ प्राण्याची. राखणदारी दोन्ही बाजूंनी चालते. तिकडे पालघर-ठाण्याच्या डोंगराळ भागात वारली बांधव वाघोबाची पूजा करतात. ज्या वाघाचे भय वाटते त्यालाच देव मानून त्याच्याशी करार करावयाचा, अशी ती भावना आहे.

आपल्या जिल्ह्यातील घोरपडे या नावाची कथा तर आजच्या विषयाला फारच जुळणारी आहे. घोरपडीच्या साहाय्याने एका पूर्वजाने किल्ल्याचा कडा सर केला आणि त्यावरून कुळाला हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु तिच्या पुढची गोष्ट इतिहासातील आहे. इचलकरंजीच्या जहागीरदार घराण्याचे मूळपुरुष नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने उदयास आले, आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्यांनी घोरपडे हे आडनाव स्वतः धारण केले. कागल तालुक्यातील कापशीच्या घोरपड्यांना घोरपडीचे नाव जन्माने मिळाले. इचलकरंजीकरांनी ते निवडून घेतले. जन्माने मिळणारा राखणदार आणि आपण निवडलेला राखणदार, हे दोन प्रकार आपण लक्षात ठेवू. पुढील विवेचन त्यांवरच आधारलेले आहे.

आणखी एक शंका येईल. मूळ ग्रंथात नसलेली कथा मुलांनी त्यात घालणे योग्य आहे काय? याचे उत्तर आपल्या बोलीतच आहे. ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपण नित्य करतो. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणारी आणि श्रीरामाच्या बोटांचे पट्टे पाठीवर मिरविणारी ती खार वाल्मीकिरामायणात नाही. मागाहून कोणा अनाम कथेकऱ्याला वाटले की एवढ्या मोठ्या कार्यात वानर आहेत, अस्वले आहेत, मग माझ्यासारख्या दुबळ्याचे स्थान कोठे? त्याने आपल्या स्वभावाला शोभेल असा प्राणी निवडला आणि त्याला कथेत जागा करून दिली. आज त्या खारीवाचून सेतूची कथा सांगताच येत नाही. आवडत्या कथेत आपली भर घालणारे आजचे मूल तेच करीत असते. त्यात ग्रंथाचा अपमान नाही. ग्रंथ आपलासा झाल्याची ती खूण आहे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. प्राण्यांची नावे आपल्या शाळांतूनही उच्चारली जातात. पण ती कशी? गणित चुकले की ‘गाढव’. हळू चालणारी मुलगी ‘म्हैस’. न बोलणारा ‘घुबड’, चुळबुळ करणारा ‘माकड’, भिणारा ‘शेळपट’. सांगितलेले ध्यानात राहिले नाही की ‘गाढवापुढे वाचली गीता’ ही म्हण तयारच असते. देवळात ज्या प्राण्यापुढे आपण हात जोडतो त्याच प्राण्याचे नाव शाळेत शिवी होते. उंदीर गणपतीपाशी वाहन, आणि वर्गात मात्र अपमान! बेंदराच्या दिवशी आपण बैलाची शिंगे रंगवितो, त्याच्या कपाळाला बाशिंग बांधतो, त्याला पोळी खाऊ घालतो. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सावकाश शिकणाऱ्या मुलाला ‘बैल’ म्हणून हिणवितो. बैल सावकाश चालतो हे खरे. परंतु नांगराचे तास सरळ पडते ते त्या सावकाशपणामुळेच.

कथेतील प्राणी आणि शिवीतील प्राणी यांत भेद कोणता? कथेतील प्राणी मुलाच्या आतून येतो, शिवीतील प्राणी बाहेरून लादला जातो. कथेतील प्राणी रूप पालटू शकतो, शिवीतील प्राणी पालटत नाही. चौथीत चिकटलेले नाव पुष्कळदा गावात जन्मभर टिकते. कथेतील प्राणी मुलाचे रक्षण करतो. शिवीतील प्राण्यापासून मुलाचे रक्षण करावे लागते.

पैठणच्या रेड्याची आख्यायिका आपण मुलांना सांगतो ती चमत्कार म्हणून. तिच्यातील चमत्काराइतकाच मोलाचा भाग दुसरा आहे. ज्ञानदेवांची थट्टा करण्यासाठी कोणी म्हणाले की नावात काय आहे, तो पखालीचा रेडाही ज्ञानाच आहे. ज्ञानदेवांनी त्या तुलनेचा राग मानला नाही. त्या रेड्यात आणि माझ्यात भेद नाही असे त्यांनी उत्तर दिले, आणि रेड्याला मारलेल्या आसुडाचे वळ त्यांच्या पाठीवर उमटले. ज्या प्राण्याच्या नावाने हिणविले त्यालाच त्यांनी आपला म्हटले. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधी आजही दाखवितात. परंतु हिणविणाऱ्यांपुढे असे उत्तर देणे ज्ञानदेवांना शक्य झाले. आपल्या वर्गातील आठ वर्षांच्या मुलाकडून तशी अपेक्षा करता येत नाही. ते मूल ऐकलेले खरे मानते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मान्य करणाऱ्या २००९ च्या कायद्यातील १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. पण कायद्याच्या भयाने जीभ आवरणे निराळे आणि मुलाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे निराळे. आपल्या जिल्ह्याला या दृष्टीचा वारसा आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. जन्मावरून माणसाची इयत्ता ठरू नये हाच त्यामागील हेतू होता. पुलमन यांच्या ज्या कादंबरीचा मी उल्लेख केला तीत एक बोचरा तपशील आहे: त्या जगात नोकरमाणसांचे प्राणी बहुधा कुत्रेच असतात. म्हणजे कल्पनेच्या राज्यातसुद्धा समाजाने ज्याला जी पायरी दिली तीच त्याच्या आत्म्यावर उमटलेली आहे. आपल्या गावातील मुलांच्या आत्म्यावर अशा किती पायऱ्या त्यांना न विचारता उमटविल्या गेल्या आहेत, याचा विचार शिक्षकाने करावयास हवा. शाळा ही अशी जागा आहे की जेथे जन्माने मिळालेला राखणदार घरी ठेवून मुलाला स्वतःचा राखणदार निवडता यावा.

मुलाने निवडलेल्या प्राण्यावरून त्याचा स्वभाव कळतो असे म्हणतात. हे अर्धे खरे आहे. वाघ निवडणारे मूल शूर आणि ससा निवडणारे मूल भित्रे, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पुष्कळदा प्रकार उलटा असतो. ज्याला घरी रात्री एकटे राहावे लागते तो वाघ मागतो. ज्याच्यावाचून भावंडांचे पान हलत नाही, ज्याच्या अंगावर सदैव मोठेपणाचे ओझे असते, ती मुलगी फुलपाखरू मागते. राखणदार प्राणी मुलाचा स्वभाव दाखवितोच. पण त्याहून अधिक तो त्याची उणीव आणि त्याची इच्छा दाखवितो. पंचतंत्राच्या कर्त्याने हे ओळखले होते. त्याच्या पहिल्या तंत्रात पिंगलक सिंह संजीवक बैलाची डरकाळी ऐकून पाणी न पिताच मागे फिरतो. आणि दुसऱ्या तंत्रात बलवान पारध्याचे जाळे कुरतडून कबुतरांना मुक्त करतो तो हिरण्यक नावाचा उंदीर. राजाही घाबरतो, आणि सर्वांत लहानही राखणदार होतो.

आपल्याच जिल्ह्यातील परिस्थितीवरून काही उदाहरणे कल्पून पाहू. समजा, शिरोळ तालुक्यातील एखाद्या नदीकाठच्या मुलाने म्हैस निवडली. इतर मुले हसतील. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेच्या महापुराने या गावांचे काय केले ते आपण पाहिले आहे. घरात पाणी शिरते तेव्हा दावे सोडून जनावरे उंचावर नेणे हे कुटुंबाचे पहिले काम असते, आणि म्हैस पोहणारी असते. अशा मुलाच्या म्हशीला हसू नये. पुराच्या पाण्यावर तरंगणारे तेच त्याचे धैर्य असते. समजा, हंगामात ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातील एखादी मुलगी चार महिन्यांपुरती आपल्या वर्गात बसली आहे. तिने बैल निवडला. गाव बदलते, शाळा बदलते, मैत्रिणी बदलतात. न बदलता तिच्याबरोबर येणारा सोबती तोच. आणि समजा, राधानगरीकडील एखाद्या अबोल मुलाने गवा निवडला. दाजीपूरच्या ज्या रानात १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य आहे, त्या रानाच्या कडेला तो वाढला आहे. गवा हा प्रचंड ताकदीचा, पण माणसाला टाळून मुकाट्याने चरणारा प्राणी. त्या मुलाला कदाचित एवढेच सांगावयाचे असेल की माझा अबोलपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे. हे वाक्य त्याला तुमच्यासमोर उभे राहून कधीही उच्चारता आले नसते. गव्याच्या आडून त्याने ते उच्चारले.

आता प्रत्यक्ष वर्गात हा पाठ कसा घ्यावा याविषयी थोडे सांगतो. तिसरी ते सातवीच्या वर्गांना तो उपयुक्त ठरेल. त्यासाठी फळा, खडू आणि वही यांखेरीज साहित्य लागत नाही.

पहिल्या दिवशी केवळ बोलणे ठेवावे. गावाच्या शिवारात, ओढ्याला, डोंगरावर कोणकोणते प्राणी व पक्षी दिसतात ते मुलांना विचारून फळ्यावर लिहावे. मुंगूस, टिटवी, वटवाघूळ, घोरपड, खार, धनेश, शेकरू, बिबट्या, गवा अशी यादी भराभर वाढत जाते. शेकरू हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी आहे हे येथे सहज सांगता येते. प्रत्येक प्राण्याचा एक गुण मुलांकडूनच काढून घ्यावा. ज्यांना आपण तुच्छ मानतो त्यांचे गुण मुद्दाम विचारावेत. अंधारात वाट न चुकणारे वटवाघूळ, जमिनीवरील अंडी राखण्यासाठी रात्रंदिवस ओरडणारी टिटवी, कमी चाऱ्यावर भार वाहणारे गाढव. फळ्यावर एकही प्राणी केवळ वाईट म्हणून उरता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मुलांना लिहावयास सांगावे. त्यांना चार प्रश्न द्यावेत. तुझा राखणदार प्राणी कोणता? तो केव्हा येतो? त्याला काय करता येत नाही? आणि तू त्याच्यासाठी काय करतोस? यांतील तिसरा व चौथा प्रश्न गाळू नये. तिसऱ्या प्रश्नामुळे कथा नुसत्या फुशारकीतून वाचते, कारण सर्व काही करू शकणाऱ्या राखणदाराची कथा पुढे सरकतच नाही. चौथ्या प्रश्नामुळे देवकाच्या दंडकातील तत्त्व मुलांच्या मनात रुजते. जो आपले रक्षण करतो त्याचे आपणही काही देणे लागतो.

तिसऱ्या दिवशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीच कथा वाचून दाखवावी. इच्छा नसेल त्याची वही शिक्षकाने एकट्याने वाचावी आणि मुकाट्याने परत करावी. गुण द्यावयाचे झाल्यास ते भाषेला, मांडणीला व कल्पनेच्या सुसंगतीला द्यावेत. प्राण्याच्या निवडीला देऊ नयेत. वर्षअखेर हाच पाठ पुन्हा घ्यावा. पुष्कळांचे प्राणी बदललेले आढळतील. तो बदल हीच आपल्या वर्षभराच्या कामाची एक पावती समजावी.

या उपक्रमात काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

देवकाची माहिती शिक्षकाने आपल्या ज्ञानासाठी अवश्य ठेवावी, पण वर्गात कोणा मुलाला ‘तुमच्या घरचे देवक कोणते’ असे विचारू नये. देवक कुळाशी जोडलेले आहे आणि कूळ जातीशी. हा प्रश्न विचारताच निवडीचे स्वातंत्र्य संपते व जुनी पायरी पुन्हा वर्गात येते.

दुसरे, शिक्षकाने मानसशास्त्रज्ञाचा आव आणू नये. मुले प्राण्यांच्या चित्रांतून मन अधिक मोकळेपणी प्रकट करतात, या समजुतीवर लिओपोल्ड व सोनिया बेलाक या दांपत्याने १९४९ साली एक चाचणी तयार केली. पण ती वापरणे हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे. आपण वही वाचून मुलाच्या स्वभावाचे निदान करू लागलो, तर शिवीच्या जागी नुसते शास्त्रीय नाव येईल. चिकटणे मात्र तेच राहील. तथापि एखाद्या कथेत राखणदार पुन्हा पुन्हा एकाच माणसापासून, एकाच घरापासून मुलाला वाचवीत असेल, तर ती केवळ कथा आहे असे समजून वही मिटू नये. त्या मुलाशी एकांतात, धीराने बोलावे. मुख्याध्यापकांना विश्वासात घ्यावे. गरज पडल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. मुलाने प्राण्याकडे मागितलेले साहाय्य त्या वेळी माणसाने द्यावयाचे असते.

तिसरे, कल्पना आणि अंधश्रद्धा यांतील सीमारेषा स्पष्ट ठेवावी. कथेतील नाग राखणदार होऊ शकतो. शिवारातील नाग चावला तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णालयच गाठावयाचे, हे त्याच तासाला सांगावे. नाग दूध पीत नाही हेही सांगावे. कल्पना आपण निर्माण करतो आणि ती आपल्या स्वाधीन असते. अंधश्रद्धा आपल्याला स्वाधीन करून घेते. हा भेद ज्या मुलाला समजला त्याला अद्भुत कथेपासून भय नाही. तसेच राखणदार म्हणून निवडलेल्या खारीला वा घोरपडीला पकडून शाळेत आणण्याचा उत्साह कोणी दाखविल्यास त्याला आवरावे. वन्य प्राण्यांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि राखणदाराला दोरी बांधणे कोणत्याही कथेत बसत नाही.

बंधु-भगिनींनो, ‘स्वभावाला औषध नाही’ अशी म्हण आहे. आपल्या व्यवसायातील माणसाने ती फार सहजपणे उच्चारू नये, कारण ती खरी असती तर शाळेचे प्रयोजनच उरले नसते. पुलमन यांच्या कथेतील मुलांचे प्राणी रूप बदलतात ती पहिली दहाबारा वर्षे, आणि आपल्या प्राथमिक शाळेतील मुलांचेही वय तेच. या वर्षांत मूल घटकेत ससा, घटकेत गवा, घटकेत टिटवी असते, आणि तसे असण्याचा त्याला हक्क आहे. ते रूप पुढे केव्हातरी स्थिर होईल. तोवर त्याच्यावर आपल्या हाताने शिक्का मारून ते अकाली गोठविणे हा अन्याय आहे, आणि तो करण्याची शक्ती आईबापांच्या खालोखाल शिक्षकाच्याच जिभेत आहे.

रोलिंगबाईंच्या कथेतील एका गोष्टीकडे पुन्हा लक्ष वेधतो. तेथील राखणदार प्राणी मंत्राच्या नुसत्या शब्दांनी येत नाही. तो येण्यासाठी मनात एक सुखाची आठवण असावी लागते. आपल्या वर्गातील काही मुलांच्या घरी अशा आठवणींची टंचाई आहे. त्यांच्या गाठी एखादी तरी आठवण बांधून देणे, मग ती पहिल्यांदा बरोबर वाचलेल्या ओळीची असो, सर्वांसमोर ऐकून घेतलेल्या कथेची असो किंवा शिक्षकाने नीट नाव घेऊन मारलेल्या हाकेची असो, हे आपल्या हाती आहे. त्याला सादिल खर्चाची तरतूद लागत नाही आणि वरिष्ठांची मंजुरीही लागत नाही.

येत्या आठवड्यात आपापल्या वर्गात हा पाठ घेऊन पाहावा, आणि मुलांच्या कथांपैकी ज्या त्यांच्या संमतीने देता येतील त्या पुढील केंद्रसभेत आणाव्यात, अशी माझी आपणांस विनंती आहे.